चक्रमुद्रण यंत्राचा शाई-दंडगोल

टॉमस एडिसन यांनी १८७६ मध्ये विद्युत् लेखणीचे, तर डेव्हिड गेस्टेटनर यांनी १८८१ मध्ये लंडन येथे चक्रलेखणीचे एकस्व घेतले. ‘सायक्लोस्टाइल’ हे नाव याच लेखणीवरून रूढ झाले. पुढे सपाट चौकटीची जागा फिरत्या दंडगोलाने घेतली. एका प्रकारात शाई सच्छिद्र दंडगोलाच्या आत भरतात व ती कापडी गादीतून झिरपून स्टेन्सिलवाटे कागदावर उतरते. गेस्टेटनर पद्धतीत दोन दंडगोलांभोवती रेशमी जाळी ताणलेली असून दाट शाई रुळांनी पसरली जाते. दुरुस्तीची रीत या भेदावरच ठरते. यंत्र पडून राहिल्यास तेलयुक्त शाई घट्ट होऊन छिद्रे बुजतात. ती रॉकेलने मऊ करून पुसावी लागतात. सुईने टोचल्यास छिद्र रुंदावून तेथे शाई अधिक उतरते. रबरी रुळांस रॉकेल लागू देऊ नये, कारण त्याने रबर फुगते. शाईने कडक झालेली गादी धुण्यापेक्षा बदलणेच इष्ट. मराठीतील ‘शब्द’सारखी अनियतकालिके चक्रमुद्रणावरच निघाली. १९५९ नंतर छायाप्रत यंत्रांचा प्रसार होत गेला, तसे हे यंत्र मागे पडले व त्याचे सुटे भाग दुर्मिळ झाले. त्यामुळे जुन्या यंत्राची गादी आता बहुधा सुती कापडाची हातानेच शिवून घ्यावी लागते.