कारंज्याची कापूसपेठ आणि मक्तेदारीच्या नियंत्रणाचा प्रश्न

व्यापारातील मक्तेदारीला कायद्याने आळा घालण्याच्या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील 1890 च्या शर्मन कायद्यापासून करण्याचा प्रघात आहे. परंतु त्याच्या 4 वर्षे आधी, 1886 मध्ये, हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशान्वये वऱ्हाडातील कारंजा येथे कापसाची नियंत्रित बाजारपेठ स्थापन झाली होती. हिंदुस्थानातील ही अशा प्रकारची पहिली बाजारपेठ होय. आज वाशीम जिल्ह्यात मोडणाऱ्या या गावाचा अनुभव मक्तेदारीच्या अभ्यासकास अनेक दृष्टींनी उद्बोधक आहे.

या दोन घटनांमागील प्रेरणा मात्र सर्वस्वी भिन्न होत्या. 1853 पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती होता. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात येथील कापसास अपूर्व महत्त्व आले आणि त्याच दशकात लोहमार्गाने वऱ्हाड मुंबई बंदराशी जोडले गेले. मँचेस्टरच्या गिरण्यांस शुद्ध कापूस वाजवी दराने मिळावा, ही नियंत्रणामागील मुख्य चिंता होती. शेतकऱ्याचे हित तिच्या ओघाने आले. पुढे 1897 च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही व्यवस्था प्रांतभर लागू करता येऊ लागली.

नियंत्रणाची आवश्यकता नव्हती असे नव्हे. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविणे, कडता व धर्मादाय यांच्या नावाखाली रक्कम कापून घेणे, एकाच अडत्याने विकणारा आणि घेणारा या दोघांचेही काम पाहणे, या त्या काळच्या बाजारातील सर्वपरिचित चाली होत्या. गाडी सोडून बसलेल्या शेतकऱ्यास माल परत नेणे परवडत नसे, आणि हे व्यापाऱ्यास पक्के ठाऊक असे. कायद्याने दलाल व मापारी यांस परवाने आवश्यक केले आणि बाजारातील आकारास मर्यादा घातली. तथापि बाजारसमितीत कास्तकाराच्या प्रतिनिधित्वाची तरतूद नव्हती. ज्यांच्या वर्तनावर नियंत्रण ठेवावयाचे, त्यांच्याच हाती नियंत्रणाची सूत्रे राहिली. 1928 मध्ये शेतकी रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या पद्धतीचा पुरस्कार करतानाच या उणिवेवर बोट ठेवले.

याहून बिकट प्रश्न बाजाराच्या आवाराबाहेर होता. खानदेश व वऱ्हाड येथे सरकी काढणाऱ्या जिन कारखान्यांचे मालक एकत्र येऊन दर ठरवीत. या संगनमतास ‘पूल’ असे नाव होते. काही कारखाने चालत, काही बंद ठेवले जात. पण बंद कारखान्याच्या मालकासही सामायिक नफ्यातील वाटा मिळे. त्यामुळे जिन चालविण्यासाठी नव्हे, तर केवळ वाटा मिळविण्यासाठी कारखाना उभारण्याचा मोह भांडवलदारांस होई.

याचे समर्थन करणाऱ्याच्या हाती एक युक्तिवाद होता. हंगाम थोड्या महिन्यांचा आणि कारखाने गरजेहून अधिक. अनिर्बंध स्पर्धेत सर्वांचेच भांडवल बुडेल, असे तो म्हणू शकत असे. परंतु हे अतिरिक्त कारखाने पुष्कळ अंशी पूलच निर्माण करीत होता, हे ध्यानी घेतल्यास तो युक्तिवाद टिकत नाही. शिवाय चढा दर व्यापारी देत असला, तरी तो कपाशीच्या भावातून वजा होई. भार अखेरीस कास्तकारावरच पडे. कायद्याचा हात मात्र तेथवर पोहोचला नाही. 1925 च्या जिन-प्रेस कारखान्यांच्या कायद्याचा मुख्य भर नोंदवह्यांवर आणि गाठींवरील खुणांवर होता. भेसळीचा बंदोबस्त हा त्याचा विषय होता, संगनमताचा नव्हे.

स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला निराळे वळण मिळाले. 1971 च्या कायद्याने महाराष्ट्र शासनाने कापूस खरेदीचा एकाधिकार स्वतःकडे घेतला व 1972 पासून योजना अमलात आली. अनेक खरेदीदारांच्या संगनमतावर एकच खरेदीदार हा उपाय योजिला गेला. त्याने भावास आधार दिला. परंतु विक्रेत्याचे निवडीचे स्वातंत्र्यही संपले. 2002 च्या सुमारास हा एकाधिकार संपुष्टात आला आणि त्याच वर्षी देशात स्पर्धा कायदा संमत झाला.

याच सुमारास अमेरिकेत मायक्रोसॉफ्ट या संगणक-प्रणालींच्या कंपनीवरील खटला गाजत होता. 1998 मध्ये तो दाखल झाला. 2000 मध्ये कंपनीच्या विभाजनाचा हुकूम झाला. 2001 मध्ये अपील न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, पण मक्तेदारी टिकविण्यासाठी गैरमार्ग अवलंबिल्याचा ठपका बहुतांशी कायम ठेवला. कंपनीचा नफा कर्तृत्वाचा की इतरांची वाट अडविण्याचा, या भोवती वाद फिरत होता. बंद जिनच्या मालकास मिळणाऱ्या वाट्यासंबंधीही हाच प्रश्न विचारावयास हवा होता.

कारंज्याच्या इतिहासातून निष्पन्न होणारा निष्कर्ष मर्यादित, पण महत्त्वाचा आहे. फसवणूक आणि सत्ता या भिन्न गोष्टी आहेत. खोटे माप कायद्याने दुरुस्त करता येते. परंतु माप खरे असूनही भाव ठरविण्याचे सामर्थ्य एकाच बाजूस राहिले, तर बाजार नियमबद्ध होतो, न्याय्य होतोच असे नाही.