फुंकणी एकाची, लेखणी दुसऱ्याची

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबसारख्या गावात कुणाला सोनारकाम शिकायचे झाले, तर त्याने पुस्तक कोणते घ्यावे? प्रश्नच विचित्र वाटतो. गावच्या सोनाराच्या दुकानात कागद सापडतो तो पावतीचा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरचा. पोरगा आधी फुंकणीला बसतो, मग तार ओढायला, मग डाग द्यायला. बापाच्या हाताकडे बघून जे येते ते येते, उरलेले राहून जाते. नक्षीचा साठा असतो तो ठशांवर. त्यांत मणी, पाकळ्या, चंद्रकोरी कोरलेल्या असतात. पत्रा ठेवून हातोडी मारली की नक्षी उमटते. वऱ्हाडातल्या गरसोळीपासून बंजारा बायांच्या केसांत लोंबणाऱ्या घुगरी-टोपलीपर्यंत सगळे वळण असे हातातून हातात आले.

म्हणून या धंद्यावर कुणी लिहिलेच नाही, असे नाही. दोन हजार वर्षे लिहिणे चालू आहे. गंमत एवढीच, की लिहिणारा सहसा सोनार नसतो. सोनारावर नजर ठेवण्याची ज्याला गरज असते, तो लिहितो.

सुरुवात कौटिल्यापासूनच होते. र. पं. कंगले यांनी मुंबई विद्यापीठासाठी १९६० पासून अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या दुसऱ्या अधिकरणातले तेरावा आणि चौदावा हे अध्याय सोनारांचे आहेत. तेराव्यात अक्षशाळा येते, म्हणजे राजाचा सोनारखाना. तिथे कारागिरांनी आत जाताना आणि बाहेर पडताना कपडे, हात, इतकेच काय गुह्यांगेही तपासून घ्यायची. या कारागिरांच्या यादीत ‘पांसुधावक’ भेटतात. भट्टीची राख आणि दुकानातली माती धुऊन सोन्याचे कण काढणारे ते हे लोक. मराठी मुलखात त्यांनाच झारेकरी म्हणतात. चौदाव्या अध्यायात सोने चोरण्याचे पाच मार्ग नावांनिशी सांगितले आहेत: तुलाविषम, अपसारण, विस्रावण, पेटक आणि पिंक. म्हणजे तराजूतली लबाडी, चोख काढून हलके घालणे, वितळवताना गाळणे, आत शिसे ठेवून वरून सोन्याचा पत्रा चढवणे, पोकळीत भलतेच काही भरणे. हे वाचून शिकाऊ पोराला साधी अंगठीही घडवता यायची नाही. आत शिसे कसे दडवतात ते मात्र बरोबर कळेल.

भास्कराचार्य पोलिसी नजरेचा माणूस नव्हता, पण त्याचाही वाचक फुंकणीवाला नाही. ११५० च्या ‘लीलावती’त सुवर्णगणित असे एक प्रकरणच आहे. शुद्ध सोने १६ वर्णांचे धरायचे. १३ वर्णांचे १० मासे, १२ चे ४, ११ चे २ आणि १० चे ४ मासे सोने एकत्र आटवले, तर मिश्रणाचा वर्ण किती? वजन आणि वर्ण यांचे गुणाकार करून बेरीज घ्यावी. ती येते २४०. एकूण २० माशांनी भागले की १२ वर्ण. आजच्या बोलीत १८ कॅरेट. पुढे तो विचारतो, शोधून शोधून २० माशांचे १६ मासे उरले तर? मग १५ वर्ण. हिशेब चोख आहे, पण मूस कशाची, आच किती, टाकणखार कधी घालायचा, याबद्दल अक्षर नाही. हे गणित सराफाच्या आणि गावात नाणी पारखणाऱ्या पोतदाराच्या कामाचे. चाळीसगावजवळच्या पाटण्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. १२०७ चा शिलालेख त्याची साक्ष देतो. तिथे कुणी भाता घेऊन बसले असेल, असे वाटत नाही.

खरी कृती सांगणारा ग्रंथ हवा, तर तो चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा ‘मानसोल्लास’. बाराव्या शतकातला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी त्याचा पहिला भाग १९२५ मध्ये छापला. मेणाची प्रतिमा करायची, वर मातीचे थर द्यायचे, तापवून मेण काढून टाकायचे आणि त्या पोकळीत धातू ओतायचा, अशी रीत त्यात आहे. धातूचे मापही दिले आहे: मेणाच्या वजनाच्या चांदी बारापट, सोने सोळापट. पण हे सारे संस्कृत श्लोकांत, आणि ते राजाच्या नावावर. पैनगंगेपलीकडे जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या उशेगावचे ओझा कारागीर गोंडांसाठी घंटा आणि दागिने मेणावरूनच ओततात. त्यासाठी त्यांना सोमेश्वराचे श्लोक लागत नाहीत.

सोनाराने स्वतः लिहिलेले काय? नरहरी सोनारांचा अभंग. त्यात बागेसरी म्हणजे शेगडी येते, मूस येते, फुंकणे, हातोडा, कातर आणि ताजवाही येतो; सगळी हत्यारपेटीच. देह बागेसरी, त्रिगुणांची मूस, असे प्रत्येक हत्यार विठ्ठलाच्या कामाला लावले आहे. म्हणजे पेढीवरच्या माणसाने लेखणी धरली तेव्हाही दागिना घडवण्याची रीत सांगायला नाही. फ्लॉरेन्सच्या बेन्वेनुतो चेल्लिनीने मात्र १५६८ मध्ये सोनारकामावर ग्रंथ छापला. तो पक्का सोनार, आणि आपण कुठे चुकलो हे सांगायलाही न कचरणारा. बढाईखोरही तेवढाच, पण शिकणाऱ्याला त्याच्याकडून काहीतरी हाती लागते.

इंग्रजांनी कौटिल्याचीच री वेगळ्या कागदावर ओढली. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे प्राचार्य सेसिल बर्न्स यांनी १९०४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सोन्या-चांदीच्या कामावर पुस्तिका काढली. वऱ्हाड तेव्हा नुकतेच, १९०३ मध्ये, मध्य प्रांताला जोडले गेले होते. त्या प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये चार खंड छापले. त्यातल्या सोनारांवरच्या लेखात दागिन्यांची वर्णने आहेत, कान टोचण्याचा विधी आहे, आणि अर्थातच त्यांच्या लबाड्यांचा स्वतंत्र परिच्छेद आहे. मराठी म्हणींनीही सोनाराला शिंपी-कुलकर्ण्यांच्या पंगतीत बसवलेच होते. साहेबाने ती पंगत छापून काढली, इतकेच.

संशयाचा कळस झाला स्वातंत्र्यानंतर. ९ जानेवारी १९६३ ला सुवर्णनियंत्रण आले. अर्थमंत्री मोरारजी देसाई. १४ कॅरेटपेक्षा चोख दागिना घडवायला बंदी. चौदा कॅरेटचे सोने कडक, रंगाने फिके, आणि हात सगळा बावीसला सरावलेला. देशभर सोनार बेकार झाले, काहींनी जीव दिला. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये सुटली, १९६८ मध्ये पक्का कायदा आला, तो १९९० मध्ये रद्द झाला. मधल्या सत्तावीस वर्षांत किती पोरांनी फुंकणी ठेवून दुसरा धंदा धरला, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

शिकवण्यासाठीच लिहिलेले जाडजूड पुस्तक आले ते अमेरिकेतून. ऑपी अनट्राक्टचा १९८२ चा ग्रंथ आठशेहून अधिक पानांचा आहे. तार कशी ओढायची, डाग कसा द्यायचा, सगळे पायरीपायरीने. पुढे १९९७ मध्ये त्याच माणसाने भारतीय दागिन्यांवरही पुस्तक लिहिले. इकडे २०२३ मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजनेच्या अठरा व्यवसायांत सोनार आला. पायाभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, रोज ५०० रुपये विद्यावेतन. ज्याची उमेदवारी वर्षानुवर्षे चालते, त्या कामाला आठवडा!

आणि नजर आहेच. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. आयएस १४१७ या मानकाप्रमाणे २२ कॅरेटला ९१६ चा शिक्का, वर सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. जुनी मोड घेऊन बाई गावच्या सोनाराकडे आली, तर तो आधी कसवटीवर रेघ ओढतो, तिच्यावर आम्ल टाकतो, डोळे बारीक करून बघतो. मग खिशातला मोबाइल काढतो आणि वजनाला कसाने गुणतो, एकेक डाग वेगळा, शेवटी बेरजेला एकूण वजनाने भागतो. भास्कराचार्यांची २४० ची बेरीज अशीच झाली होती.