उजेडाची पारख



वसंतातल्या ह्या व्याख्यानांतून आपण राज्यांचे, पंथांचे आणि ग्रंथांचे इतिहास ऐकत आलो आहोत. आज मी आपणांपुढे एका दिव्याचा इतिहास मांडणार आहे. हा दिवा देवघरातला नव्हे, माजघरातलाही नव्हे. घरी छायाचित्र किंवा चलच्चित्र घेताना जो लावावा लागतो तो. विषय किरकोळ वाटेल. परंतु आज एखादी शिक्षिका घरबसल्या धडे चित्रित करते, एखादी गृहिणी आपल्या लोणच्या-पापडांची चित्रे गिऱ्हाइकांना पाठवते, कोणी नातू आजोबांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून टिपून ठेवतो. ह्या सर्वांना एकच प्रश्न पडतो: स्वस्तातला एलईडी दिवा घ्यावा तर कोणता? ह्या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या फळीवर शोधण्यापेक्षा इतिहासात शोधावे, असे माझे म्हणणे आहे. ह्या मताला मी कसा आलो, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरी वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन झाले. चित्रे चांगली यावीत म्हणून मी मुद्दाम एक दिवा आणला. दुकानात चार दिवे लावून पाहिले आणि जो सर्वांत लख्ख, तो घेतला. समारंभ उत्तम झाला. रात्री चित्रे पाहिली, तेव्हा आईच्या कपाळावरचे कुंकू तपकिरी आले होते आणि दोघांच्याही चेहऱ्यांवर आजाऱ्यासारखी हिरवट कळा होती. संगणकावर तांबडा रंग वाढवून पाहिला. तेव्हा भिंत तांबूस झाली, वडिलांचे धोतर गुलाबी झाले, पण कुंकू काही परत आले नाही. पुढच्याच वर्षी आई गेली. दोघांचे एकत्र असे शेवटचे चित्र आमच्याकडे आहे ते हेच. उजेड भरपूर होता. मग उणे काय होते? ह्या प्रश्नाने मला ह्या इतिहासात ओढले.

छायाचित्रणकलेचा जन्म 1839 सालचा. त्या वर्षी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. पंधरा वर्षांत ही कला आपल्याकडे इतकी रुजली की 1854 साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात पुढे आले. त्या काळी दिवा एकच होता, तो म्हणजे सूर्य. छायाचित्राच्या खोल्यांना काचेची छपरे असत आणि ढग आले की धंदा थांबे. सूर्याच्या उजेडात तर कोणताच रंग उणा नसतो. तरीही आपल्या पणजीचे जुने छायाचित्र काढून पाहा. तिचे कुंकू काळे दिसते. असे का व्हावे? उजेड पूर्ण होता, पण काच आंधळी होती. त्या काळच्या काचांवरील रसायन निळ्या प्रकाशाने चटकन बदले, तांबड्याची मात्र त्याला दादच नसे. 1873 साली बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांनी काचेच्या लेपात विशिष्ट रंग मिसळून तिची दृष्टी वाढवण्याची युक्ती शोधली, आणि सर्व रंग ओळखणाऱ्या काचा बाजारात यायला 1906 साल उजाडले. पहिला धडा हा की चित्रात जे उमटते ते दोघांवर अवलंबून असते: पाहणाऱ्यावर आणि उजेडावर. दोघांपैकी एक जरी तांबड्याला पारखा असला, तरी कुंकू गेलेच.

दुसरी खटपट चालली होती ती सूर्य घरात आणण्याची. 1861च्या सुमारास नादार ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसच्या जमिनीखालील अस्थिगृहांत विजेचा प्रखर दिवा नेला. एकेका चित्राला अठरा मिनिटांपर्यंत वेळ लागे. इतका वेळ निश्चल राहणे माणसाला अशक्य, म्हणून त्याने मजुरांच्या जागी कपडे चढवलेले पुतळे उभे केले! 1864 साली मँचेस्टरमध्ये मॅग्नेशियमची तार जाळून चित्र घेण्यात आले. 1887 साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या पुडीत इतर रसायने मिसळून क्षणात भडकणारी दारू तयार केली. ही दारू घेऊन न्यूयॉर्कचा वार्ताहर जेकब रीस रात्री-बेरात्री गरिबांच्या कोंदट चाळींत शिरला. त्याच्या चित्रांनी 1890 साली अमेरिकेला आपल्या पोटातली दैन्यावस्था दाखवली. हे काम मोठे, यात शंका नाही. पण झोपेतून दचकून उठलेली, डोळे दिपलेली ती माणसे पाहा. हातून दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लागली, असे रीसनेच लिहून ठेवले आहे. उजेड मिळाला, त्याची किंमत मात्र ज्यांच्यावर तो पडला त्यांनी मोजली. 1929 साली काचेच्या फुग्यातला झगझगाटी दिवा आला, तेव्हा कुठे धूर आणि आग हटली.

चित्रपटाची कथाही अशीच आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1913चा ‘राजा हरिश्चंद्र’ सूर्याच्या उजेडात चित्रित केला. पुढे बोलपट आले, तेव्हा कर्बाच्या दिव्यांची घरघर ध्वनियंत्राला सोसेना; म्हणून तापलेल्या तारेचे दिवे पुढे आले. ह्या दिव्यात तांबडा रंग उदंड. तोवर फिल्मही सर्व रंग पाहू लागली होती, त्यामुळे दोघांचे चांगले जमले. दोष एवढाच की त्या दिव्यात विजेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग उष्णतेत जाई आणि नटनट्या घामाने निथळत.

आणि येथे आपल्याच देशातली एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सत्यजित राय यांच्या 1956 सालच्या ‘अपराजितो’साठी काशीतल्या घराचा चौक कलकत्त्याच्या चित्रशाळेत उभारला होता. वरून आकाशाचा मंद उजेड झिरपतो आहे असे दिसायला हवे होते. आणि दिवे तर थेट, कठोर सावल्या पाडणारे. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी चौकावर पांढरे कापड ताणले आणि दिव्यांची तोंडे खालून त्या कापडाकडे वळवली. कापडावरून परतलेला उजेड खाली आला तो थेट आकाशाचा होऊन! परदेशी यंत्र नाही, मोठा खर्च नाही. एक कापड आणि उजेडाच्या स्वभावाची जाण. स्वस्त दिवा घेणाऱ्याने हा प्रसंग मनात कोरून ठेवावा.

आता आपल्या एलईडीकडे येऊ. ह्या दिव्याच्या इतिहासात एक विलक्षण विरोधाभास आहे. डोळ्यांना दिसणारा पहिला उपयुक्त एलईडी 1962 साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी तयार केला, आणि तो तांबडा होता. निळ्या रंगाने मात्र तीस वर्षे झुलवले. जपानचे अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी तो प्रखर निळा दिवा साधला, म्हणून 2014 साली तिघांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. 1996 साली त्या निळ्या दिव्यावर पिवळा प्रकाश देणारा लेप चढवून पांढरा दिवा बाजारात आला. निळे आणि पिवळे मिळून डोळ्यांना पांढरे भासते; पण ह्या पांढऱ्यात गडद तांबडा फारच थोडा. ज्या कुटुंबात पहिले अपत्य तांबडे जन्मले, त्याच घरात पुढे तांबड्याचा दुष्काळ पडला. चांगले कारखानदार लेपात तांबडा प्रकाश देणारे द्रव्य घालून ही उणीव भरून काढतात. त्याला खर्च येतो आणि वरवर पाहता उजेडही थोडा घटतो. म्हणून जो दिवा सर्वांत स्वस्त आणि तरी सर्वांत लख्ख, त्याने तांबड्याच्या वाट्याला कात्री लावलेली असण्याचा संभव अधिक. आमच्या घरचे कुंकू गेले ते ह्याच वाटेने. काच आंधळी असल्यामुळे पणजीचे कुंकू काळे आले. दिवा कंजूष असल्यामुळे आईचे तपकिरी झाले.

स्वस्ताईबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या देशात सरकारी योजनेसाठी घेतलेल्या घरगुती एलईडीचा खरेदीभाव 2014 साली 310 रुपये होता, तो 2016 साली 38 रुपयांवर आला. ह्या स्वस्ताईनेच हा दिवा झोपडीपर्यंत नेला. पण तो दिवा वाट दिसावी म्हणून केलेला आहे, चेहरा उमटावा म्हणून नव्हे.

मग पारख कशी करावी? दिव्याच्या खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो. दिवा रंग किती खरे दाखवतो, हे मोजण्याची ही रीत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने 1965 साली ठरवली. पूर्ण गुण 100. परंतु हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात, आणि त्या आठांत गडद तांबडा नाही! तो नववा, त्याचा आकडा निराळा असतो आणि त्याला आर-9 म्हणतात. म्हणून 80 गुणांचा दिवा नवव्या रंगात जवळपास नापास असू शकतो. चित्रणासाठी सीआरआय 95च्या पुढे पाहावा, आणि आर-9 छापला नसेल तर विचारावा. दुकानदाराला सांगता आले नाही, तर घरची कसोटी आहे. खिडकीच्या उजेडात तळहात आणि कुंकवाची डबी यांचे चित्र घ्या; मग त्याच वस्तू त्या दिव्याखाली ठेवून, पांढरा कागद पांढरा दिसेल असे यंत्र जुळवून, पुन्हा घ्या. कुंकू कुंकूच राहिले, तर दिवा घेण्याजोगा.

दुसरी परीक्षा स्थैर्याची. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. तिच्यावर चालणारा हलका दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना ते कळत नाही, पण चलच्चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. भ्रमणध्वनीवर मंदगती चित्रण लावून दिवा पाहा, आणि उजेड कमी करूनही पाहा, कारण पुष्कळ दिवे तेथेच लटपटतात. थोडाफार दोष असलेला दिवा घरी असेलच, तर सेकंदाला 25 चित्रे आणि 1/50 सेकंदाचे उघडणे ठेवल्यास बहुधा निभावते.

तिसरी गोष्ट आकड्यांची. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. म्हणून जो लक्सचा आकडा अर्ध्या मीटरवर मोजलेला असतो, तो एक मीटरवर चौथाईच उरतो. दोन दिव्यांची तुलना करताना अंतर एकच आहे ना, हे पाहिल्यावाचून भुलू नये. ह्याच नियमाचा फायदाही घ्यावा: दिवा निम्म्या अंतरावर आणला की चौपट उजेड फुकट मिळतो.

आणि सावलीची मृदुता विकत घ्यावी लागत नाही. उजेडाचा पृष्ठभाग जितका मोठा आणि जवळ, तितकी सावली कोमल. दिवा पांढऱ्या भिंतीकडे वळवा, मध्ये जुने धोतर ताणा, नाहीतर दिवाळीचा पांढरा आकाशकंदील माळ्यावरून काढा. कापड मात्र अगदी पांढरे हवे, नाहीतर त्याचा रंग चेहऱ्यावर उतरेल. ज्याच्या गाठीला पैसा थोडा, त्याने तो आधी खऱ्या रंगावर खर्चावा, मग स्थिरतेवर, आणि सर्वांत शेवटी लख्खपणावर. कारण उजेडाचा तुटवडा अंतराने भरून निघतो, रंगाचा तुटवडा कशानेच भरून निघत नाही.

गेल्या वेळी माझ्या पुतणीने दिवा घ्यायला मला बरोबर नेले. दुकानदाराने चार दिवे लावले आणि सर्वांत लख्ख दिवा पुढे केला. तिने पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि झाकण उघडून त्याच्याखाली धरली.