परसातील फरसबंदी : पेव्हर की कोबा (नाशिक)

बंगल्याच्या किंवा रो-हाऊसच्या मागच्या मोकळ्या जागेत बसण्याउठण्यासाठी, धुण्याभांड्यांसाठी आणि वाळवणासाठी केलेला पक्का थर. नाशिकच्या जुन्या वाड्यांत चौकाला काळ्या बेसाल्टच्या घडीव फरश्या असत. पुढे शहाबादी आली. आज निवड बहुधा दोनच गोष्टींत होते : साच्यातून तयार होऊन येणारे काँक्रीटचे पेव्हर ब्लॉक, किंवा जागेवरच ओतलेले काँक्रीट, ज्याला गवंडी कोबा म्हणतात.

निवड पृष्ठभाग पाहून केली जाते, पण निकाल खालची माती देते. नाशिक दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. कुठे हातभर खणले की मुरूम लागतो. कुठे, विशेषतः मळे मोडून झालेल्या वसाहतींत, काळी माती खोल जाते. माँटमोरिलोनाइट गटाच्या चिकणखनिजांमुळे ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. अखंड कोब्याला ही हालचाल सोसत नाही, तो तडकतो. पेव्हर सुटे असल्याने हलतात, खचतात. पण ते उचलून, खालचा थर सारखा करून पुन्हा बसवता येतात. चेंबर तुंबला किंवा जमिनीखालची नळी फुटली की हा गुण पुरेपूर कळतो, कारण फोडलेल्या कोब्याचे ठिगळ कायम दिसत राहते.

म्हणून काळ्या मातीवर पेव्हर घ्यावेत आणि मुरमाड जमिनीवर कोबाही निर्धास्त करावा. दोन्हींत काळी माती शक्य तितकी काढून तिथे मुरूम थराथराने, पाणी मारून आणि धुम्मस करून बसवावा लागतो. घराच्या बांधकामातला राडारोडा पसरून त्यावरच ब्लॉक मांडले, तर पहिल्याच पावसाळ्यात खड्डे पडतात, आणि दोष विनाकारण पेव्हरवर जातो.

पेव्हरसाठीचे भारतीय मानक आयएस १५६५८ आहे. त्याच्या २००६च्या आवृत्तीत वाहने न येणाऱ्या जागेसाठी एम-३० प्रतीचा, ५० मिमी जाडीचा ब्लॉक सांगितला आहे. स्कूटर, मोटार येणार असेल तर ६० मिमीचा घ्यावा. ब्लॉकखाली ३० मिमीच्या आसपास वाळूचा किंवा क्रश सँडचा थर, सांध्यांत बारीक वाळू आणि कडेला पक्की बांधणी हवी. कड मोकळी सोडली तर ओळी सरकतात.

कोबा निदान १०० मिमी जाडीचा असावा आणि त्यात साधारण तीन-तीन मीटरवर सांधे सोडावेत, म्हणजे तडा सांध्यातच जातो. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात ओतलेल्या काँक्रीटवर त्याच दिवसापासून ओली गोणपाटे टाकून ती किमान दहा दिवस ओली ठेवावीत. या कामात हयगय झाली की पृष्ठभाग भुरभुरतो.

पाण्याचा उतार घराच्या जोत्यापासून बाहेर, मीटरला दीड-दोन सेंटिमीटर ठेवतात. नेहमीचे पेव्हर सगळे पाणी मुरवतात हा समज चुकीचा आहे. सांध्यांतून थोडेच झिरपते आणि खालचा मुरूम जितका ठोकलेला, तितके ते कमी. पाणी मुरवायचे असेल तर सच्छिद्र थर किंवा शोषखड्डा मुद्दाम करावा लागतो. काँक्रीटने जमीन बंद होते ही चिंता या शहराच्या ओळखीची आहे : रामकुंड परिसरात गोदापात्राच्या तळाशी घातलेले काँक्रीट काढून झरे मोकळे करावेत, ही मागणी इथे वर्षानुवर्षे होत आली आहे.

भांडी घासण्याच्या कोपऱ्यात मात्र कोबाच बरा, कारण पेव्हरच्या सांध्यांत खरकटे अडकते आणि शेवाळ धरते. आंबा किंवा शेवगा असेल, तर बुंध्याभोवतीचे आळे दोन्ही प्रकारांत मातीचेच ठेवतात.