कर्कबी, एमा
कर्कबी, एमा : (२६ फेब्रुवारी १९४९– ). प्राचीन यूरोपीय संगीताच्या पुनरुज्जीवनात अग्रस्थानी असलेल्या इंग्रज सोप्रानो गायिका. जन्म इंग्लंडमधील सरी परगण्यातील कॅम्बर्ली येथे, आरमारी अधिकाऱ्याच्या कुटुंबात. ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात त्यांनी ग्रीक व लॅटिन या अभिजात भाषांचे अध्ययन केले. तेथील विद्यार्थ्यांच्या गायकवृंदात त्या गात असत. तथापि व्यावसायिक गायिका होण्याचा संकल्प त्यांनी तेव्हा केलेला नव्हता आणि पुढे काही काळ त्यांनी शाळेत अध्यापनही केले.

याच सुमारास ल्यूट, हार्पसिकॉर्ड व तातीच्या तारांची व्हायोलिने ही पूर्वकालीन वाद्ये जाणकार वादकांनी पुन्हा प्रचारात आणली. भव्य नाट्यगृह व विशाल वाद्यवृंद यांच्यासाठी कमावलेला ऑपेराचा भरदार आवाज या मृदू वाद्यांना झाकून टाकी. कर्कबी यांचा निर्मळ, सडपातळ स्वर, कंपाचा केवळ अलंकारापुरता केलेला वापर आणि काव्यातील प्रत्येक शब्दाचा सुस्पष्ट उच्चार यांमुळे ल्यूटच्या साथीने गायिल्या जाणाऱ्या गीतांना त्यांचे मूळचे प्रमाण पुन्हा लाभले.

अँड्र्यू पॅरट यांच्या टॅव्हर्नर गायकवृंदाच्या त्या आरंभीच्या सदस्य. अँथनी रूली यांच्या ‘कॉन्सॉर्ट ऑफ म्यूझिक’ या मंडळीबरोबर त्यांनी डाउलंडची गीते आणि मॉन्तेव्हेर्दीची मॅड्रिगले (अनेक स्वरपंक्तींत गुंफलेली काव्यगीते) गायिली. मॅड्रिगलात प्रत्येक स्वरपंक्तीस एकच गायक असला, म्हणजे काव्याचा अर्थ व स्वरांची गुंफण दोन्ही श्रोत्यास उलगडतात, हे या गायनाने प्रत्ययास आणून दिले. क्रिस्टोफर हॉगवुड यांच्या ‘अकॅडमी ऑफ एन्शंट म्यूझिक’ने १९८० साली प्रसिद्ध केलेल्या, हँडेलच्या ‘मसाया’च्या १७५४ मधील पाठावर आधारलेल्या ध्वनिमुद्रणातही त्या होत्या. बाराव्या शतकातील मठाध्यक्षा हिल्डेगार्ड यांच्या रचनांचे ‘गॉथिक व्हॉइसेस’ या मंडळीसमवेत केलेले ध्वनिमुद्रण तर जगभर गाजले. त्यांची एकूण ध्वनिमुद्रणे शंभरांहून अधिक आहेत.

त्यांचा आवाज अतिसौम्य असल्याचा आक्षेप काही टीकाकारांनी घेतला. परंतु स्वराचे सामर्थ्य त्याच्या आकारमानावर नव्हे, तर रचनेशी असलेल्या त्याच्या औचित्यावर अवलंबून असते, हा कर्कबी यांच्या कारकीर्दीचा खरा सिद्धांत आहे. २००७ मध्ये ‘डेम’ हा किताब व २०१० सालचे राणीचे संगीतपदक देऊन ब्रिटनने त्यांचा गौरव केला. प्राचीन संगीत गाणाऱ्या पुढील पिढीने त्यांची गायकी आदर्श मानली, ही त्यांच्या कार्याची सर्वांत मोठी पावती होय.