पाबळचा आश्रम आणि शिकत्या पोरांचे धंदे

पुण्याहून साधारण सत्तर किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव आहे. इतिहासाची आवड असलेली माणसं तिथे मस्तानीच्या समाधीपाशी थांबतात आणि पुढे निघून जातात. त्याच गावात १९८३ साली सुरू झालेलं एक काम मात्र फारसं कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. विद्यार्थ्यांनी समाजाचा प्रश्न हाती घ्यावा आणि त्यातूनच उद्योग उभा करावा, असं आज जो तो म्हणतो. आयआयटी मुंबईची ‘युरेका’ स्पर्धा १९९८ची, केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ नंतरच्या. पाबळच्या माळावर ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी चालू होती, आणि तीही शाळा सुटलेल्या पोरांना हाताशी धरून.

डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली, काही वर्षं म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत काढली आणि मग मुंबईत हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात मोठ्या पदावर काम केलं. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि पत्नी मीराताईंसह दुष्काळी पट्ट्यातल्या पाबळला बिऱ्हाड हलवलं. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्राताई नाईक यांच्या संस्थेचं, एक केंद्र म्हणून ‘विज्ञान आश्रम’ सुरू झाला.

कलबागांच्या मनातला प्रश्न शिक्षणाचा होता. दहावीच्या आत शाळेबाहेर पडणाऱ्या मुलाला गाव ‘ढ’ ठरवून मोकळं होतं. पण तेच पोरगं मोटार खोलतं, इंजिन दुरुस्त करतं, जनावराचं दुखणं ओळखतं. त्याची अडचण शिकण्याशी नसून शिकवण्याच्या रीतीशी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. हातानं काम करताना बुद्धी चालते, हा विचार महाराष्ट्राला नवा नव्हता. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीमची मांडणी केली होती, आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ प्रत्यक्षात चालवून दाखवलं होतं. कलबागांनी त्यात संशोधकाची शिस्त आणली. शिवाय एक अट घातली, आणि माझ्या मते सगळ्या प्रयोगाचा कणा तीच आहे: विद्यार्थ्यानं केलेलं काम गावाला खरोखर हवं असलं पाहिजे, आणि गावानं त्याचे पैसे मोजले पाहिजेत.

अभ्यासक्रम वर्षभराचा आणि निवासी होता. त्याचे चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. मुलींनी वेल्डिंग करायचं, मुलांनी स्वयंपाक शिकायचा, त्यातून सुटका कुणालाच नाही. वस्तू तयार झाली की तिचं कॉस्टिंग काढायचं. माल किती लागला, वीज किती, मजुरी किती, आणि गिऱ्हाइकाला सांगायचा दर किती? आठवीत डोक्यावरून गेलेली टक्केवारी इथे बिलाच्या कागदावर समजायची.

पाण्याचंच उदाहरण घेऊ. अवर्षणाच्या भागात शेतकरी कर्ज काढून विहीर खणतो किंवा बोअर मारतो, आणि पाणी लागलं नाही तर घर बुडतं. आश्रमानं भूगर्भाची विद्युतरोधकता मोजण्याचं यंत्र तयार केलं आणि पोरांना ते वापरायला शिकवलं. शेतात एका रेषेत चार सळया ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची, आतल्या दोघींमधला व्होल्टेजचा फरक वाचायचा. मग सळयांमधलं अंतर वाढवत न्यायचं. अंतर जितकं जास्त, तितकं खोलवरचं कळतं. आकडे आलेखावर मांडले की कोरडा कातळ आणि पाणी धरणारा थर यांचा अंदाज बांधता येतो. ओहमचा नियम पाठ करून विसरलेला मुलगा इथे त्याच नियमाच्या जोरावर शेतकऱ्याला सल्ला द्यायचा आणि त्याची फी घ्यायचा. अंदाज चुकला तर त्याच शेतकऱ्यासमोर उभं राहायचं. परीक्षेतल्या नापासाहून हे कितीतरी जड, आणि म्हणूनच शिकवणारं.

घरांचंही तसंच. ‘पाबळ डोम’ म्हणून ओळखलं जाणारं घुमटाकार घर आश्रमात विकसित झालं. लोखंडाचे तुकडे ठरलेल्या मापात कापायचे, टोकांना भोकं पाडायची आणि नटबोल्टनं त्रिकोणाला त्रिकोण जोडत सांगाडा उभा करायचा. मग त्यावर जाळी आणि सिमेंटचा गिलावा. मधे खांब नाही, तुळई नाही. मोठी यंत्रं लागत नाहीत, त्यामुळे शिकाऊ हातांनाही हे काम जमतं. फेरोसिमेंटच्या पाण्याच्या टाक्या आणि जुन्या जीपचे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर हीही याच अंगणातली पैदास.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा अभ्यासक्रम आसपासच्या माध्यमिक शाळांत शिरला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस कामाला द्यायचा. मातीची तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजणं, चिक्की बनवणं, घरातली वायरिंग, वाकलेल्या फाटकाचं वेल्डिंग अशी कामं शाळा गावासाठी करू लागली, आणि दरही लावू लागली. राज्याच्या शालान्त परीक्षा मंडळानं ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयाला मान्यता दिली, तर आश्रमाच्या वर्षभराच्या पदविकेला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. दहावी नापासाचा शिक्का बसलेल्या मुलासाठी हा कागद फार मोलाचा होता.

२००२च्या सुमारास एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांची फॅब लॅब पाबळला आली. संगणकावर आरेखन करून तिथल्या तिथे वस्तू घडवणाऱ्या या प्रयोगशाळा आज जगभर आहेत, आणि एमआयटीबाहेरची पहिली पाबळची. कलबागांना तिचा उपयोग शेतीसाठी हवा होता: डिझेल इंजिन नीट लावता यावं, दुधाची प्रत जागेवर तपासता यावी, अशी स्वस्त उपकरणं. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, ते गेले. डॉ. योगेश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं. आता अभियांत्रिकीचे विद्यार्थीही प्रकल्पासाठी पाबळला येतात, आणि शाळांतला जुना विषय राष्ट्रीय कौशल्य आराखड्यात ‘मल्टिस्किल’ या नावानं चालतो.

भांडवलाच्या भाषेत मोजायचं तर पाबळनं एकही डोळे दिपवणारी कंपनी दिली नाही. इथून निघालेल्या मुलांनी फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, रोपवाटिका, कुक्कुटपालन, इलेक्ट्रिकची कामं असे धंदे निवडले. त्यांचं गिऱ्हाईक आसपासच्या वाड्यावस्त्यांवरचं. शहरी स्पर्धांत बक्षीस परीक्षकांच्या टेबलावरून मिळतं, आणि कित्येक कल्पना त्या टेबलापलीकडे जात नाहीत. पाबळच्या पोराला पहिला रुपया शेजाऱ्याच्या खिशातून काढावा लागला. समाजाचा प्रश्न सोडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगली सुरुवात मला तरी दिसत नाही. शाळांतल्या ‘मल्टिस्किल’च्या तासाला शिकवणारे निदेशकही पुष्कळदा असेच धंदेवाले असतात. त्यांतले काही याच आश्रमात शिकलेले; एरवी आपलं वर्कशॉप चालवायचं आणि ठरल्या दिवशी शाळेत येऊन आठवीच्या मुलांच्या हातात वेल्डिंगचा होल्डर द्यायचा, असा त्यांचा आठवडा.