फामेनच्या तळघरातली हिरवी भांडी

लोणच्याच्या बरणीला आपण सरसकट 'चिनी मातीची' म्हणतो. बहुतेक वेळा ती खरी चिनी माती नसतेच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. या चिनी भांड्यांच्या इतिहासातला एक जुना वाद एका बुद्धविहारामुळे मिटला. ही हकिकत आपल्यातल्या फार थोड्या उपासकांना ठाऊक असेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

शिआन शहराच्या पश्चिमेला सुमारे १२० किलोमीटरवर फामेन विहार आहे. सम्राट अशोकाने चौऱ्याऐंशी हजार स्तूपांसाठी वाटलेल्या धातूंपैकी तथागतांच्या बोटाची अस्थी इथे आली, अशी तिथली परंपरा. थांग सम्राट ती वाजतगाजत राजधानीत नेत. ८१९ साली हान यू या अधिकाऱ्याने त्याविरुद्ध खरमरीत अर्ज लिहिला आणि हद्दपारी ओढवून घेतली. तो धम्माचा विरोधक खरा, पण राजाच्या थाटामाटाबद्दल बोलला ते अगदीच खोटं होतं असं मला वाटत नाही.

८७४ साली अस्थी आणि दानवस्तू स्तूपाखालच्या तळघरात ठेवून दार बंद झालं. पुढे १९८१ च्या पावसात वरचा जुना स्तूप अर्धा कोसळला. तो पुन्हा बांधायचा म्हणून पाया उकरताना १९८७ साली तळघर सापडलं. आत सोनं, चांदी, रेशीम होतंच, आणि दगडावर कोरलेली दानवस्तूंची यादीही होती!

आता वाद काय होता? थांग काळातले कवी 'मी-से' म्हणजे 'गुप्त रंगा'च्या भांड्यांची वाखाणणी करत. पण ती नेमकी कोणती, हे पुढच्या विद्वानांना सांगता येईना. यादीत सात वाडगे आणि सहा ताटल्या 'मी-से' म्हणून लिहिल्या होत्या, आणि मोजून तेवढीच तेरा भांडी मिळाली. बहुतेक निवळशंख पाण्यासारखी हिरवट. एक अष्टकोनी बाटली यादीबाहेरची निघाली, तीही त्याच जातीची.

हा रंग काही जादूचा नव्हता. मातीतल्या आणि झिलईतल्या लोखंडाला भट्टीत हवा कमी मिळाली की हिरवट छटा येते. शेवटपर्यंत हवा लागू नये म्हणून कुंभार वाडगा त्याच मातीच्या डब्यात ठेवून झाकण झिलईने चिकटवत. भाजून झाल्यावर डबा फोडल्याशिवाय वाडगा निघायचा नाही. म्हणजे एका वाडग्यापायी दुसरं भांडं फुटायचं! यादीत ही भांडी सम्राटाचं दान म्हणून नोंदली आहेत, दोन वाडग्यांच्या चांदीच्या काठाचीही नोंद आहे. ज्यांच्या हातांनी ती घडली त्यांचा उल्लेख नाही.

२०१५ पासून चच्यांग प्रांतात शांगलिन तलावाकाठी अशीच एक भट्टी खणली गेली. तिथल्या ढिगाऱ्यात फोडलेल्या डब्यांचे तुकडे मिळाले, काठाला झिलई तशीच चिकटलेली.